न खोललेले पंप

ऑफ सीझनला कारखान्यातलं प्रत्येक यंत्र खोललंच पाहिजे, यावर नोकरीची बहुतेक वर्षं माझी श्रद्धा होती. गळीत संपलं, शेवटची गाडी गव्हाणीत रिकामी झाली, की आम्ही पाने-हातोडे घेऊन तुटून पडायचो. मिल, गिअर बॉक्स, टर्बाइन, पंखे, पंप, कॅरियरच्या चेन, जे जे फिरतं ते सगळं खोलायचं, धुवायचं, बेअरिंग काढून नवी बसवायची आणि पुन्हा बांधायचं. मे महिन्यात मिल हाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. तो पसारा बघून मला समाधान वाटायचं. पसारा मोठा म्हणजे काम चांगलं, असं मी समजायचो आणि संचालक मंडळही तसंच समजायचं. चेअरमनसाहेबांची फेरी असली की खोललेलं यंत्र दाखवता येतं. न खोललेलं काय दाखवणार?

मी लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात अभियांत्रिकी विभागात होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. या गोष्टीत दोष यायचा तो माझ्याकडे येतो.

ज्यांनी कारखाना चालवलेला नाही त्यांना आमची ही खोलण्याची हौस कदाचित कळणार नाही, म्हणून तिच्यामागची भीती आधी सांगतो. रोज अडीच हजार टन गाळपाचा कारखाना म्हणजे तासाला शंभर टनांहून जास्त ऊस. रात्री दोन वाजता मिल थांबली की गेटबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग वाढत जाते. बीडकडून आलेले तोडकरी उसाच्या गाडीला जुंपलेले बैल सोडून शेकोटीशी बसतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो. सकाळी सहाला कार्यकारी संचालकांचा फोन येतो आणि ते एवढंच विचारतात, ‘किती तास?’ हा प्रश्न ज्याने ऐकलाय, तो उन्हाळ्यात एकही नट न खोलता राहू देणार नाही.

शिवाय आमच्या आधीच्या पिढीचा कारभार मी पाहिला होता. माझे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते. निजामाच्या काळात उभी राहिलेली ही कापड गिरणी पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. वडिलांच्या तोंडून मी ऐकायचो ते असं, की साचा, म्हणजे माग, बंद पडला, जॉबरला म्हणजे मुकादमाला हाका मारल्या, त्याने हाताखालच्या माणसाला दोन शिव्या दिल्या आणि तार बांधून साचा पुन्हा चालू केला. बिघडलं की बघू. आमचे पहिले चीफ इंजिनिअर या पद्धतीवर चिडून असत. त्यांनी प्रत्येक यंत्राचं कार्ड केलं, ऑफ सीझनचं वेळापत्रक केलं, सुटे भाग दिवाळीत न शोधता मार्चमध्ये मागवायला लावले. ती खरोखर मोठी सुधारणा होती, तिला मी आजही नावं ठेवणार नाही. मी बिघडलो तो पुढे. वेळापत्रकाने फायदा झाला तर जास्त वेळापत्रकाने जास्त फायदा होईल, असं मी धरून चाललो.

आणि एक गोष्ट आहे, जी सांगायला मला जड जातं. माझे वडील त्या गिरणीत ऑइलमन होते. त्यांच्या कपड्यांचा वास, नखांतलं काळं आणि ‘तेलवाल्याचा पोरगा’ हे शब्द, या सगळ्यापासून लांब जाण्यासाठी मी डिप्लोमा केला. त्यामुळे कारखान्यात तेलाचा डबा घेऊन फिरणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकायचं, हे मला जमतच नव्हतं. माझ्या खात्यात सगळ्यात खालचा माणूस म्हणजे ऑइलमन, आणि तो खालचाच राहावा अशी माझी काळजीपूर्वक वागणूक होती.

आमच्याकडे एक वयस्कर ऑइलमन होते. हंगामी, सर्टिफिकेट नसलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. एकदा उन्हाळ्यात मी एका पंख्याचं बेअरिंग काढायला सांगितलं, तर ते जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘साहेब, चांगलं चालू होतं की. कशाला खोलायलाव?’ मी म्हटलं, ‘आत काय झालंय ते खोलल्याशिवाय कसं कळणार?’ ते म्हणाले, ‘निजलेल्या लेकराला उठवून निजलास का म्हणून इचारायचं व्हय?’ फिटर लोक हसले. मी हसलो नाही. मी त्यांना त्या दिवशी दुसऱ्या खात्यात पाठवून दिलं.

हेच मला पुढे एका शिकलेल्या माणसाने सांगितलं, तेव्हाही मी ऐकलं नाही. पुण्याच्या एका प्रशिक्षणात व्याख्याते दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांगत होते. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची लिबरेटर विमानं पाणबुड्या शोधायला जायची. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची सक्तीने तपासणी व्हायची. सी. एच. वॉडिंग्टन हा मूळचा जीवशास्त्रज्ञ तिथे आकडेमोडीच्या कामावर होता. त्याने बिघाडांच्या नोंदी मांडल्या, तर विमानं सगळ्यात जास्त बिघडत होती ती तपासणीच्या लगेच नंतर. पुढची तपासणी जवळ येईल तसे बिघाड कमी होत जायचे. म्हणजे तपासणीच विमान बिघडवत होती. मी शेजारच्या इंजिनिअरला म्हटलं, ‘ह्याने कधी मिल पाहिली का?’ आणि चहाला उठलो.

माझं मत बदललं ते ना मामांमुळे, ना वॉडिंग्टनमुळे. ते बदललं दुष्काळाने. स्वतःहून मी बदललो असतो असं मला वाटत नाही.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. शहराला प्यायला पाणी नाही तिथे ऊस कुठून असणार? २०१६-१७ च्या हंगामात मराठवाड्यातले कित्येक कारखाने सुरूच झाले नाहीत. आमचाही झाला नाही. राज्याचं साखर उत्पादन त्या वर्षी ४२ लाख टनांच्या आसपास आलं. पगार थकले, ऑफ सीझनचं बजेट शून्य झालं. पण २०१६ च्या पावसाळ्याने मांजरा धरण भरलं आणि २०१७-१८ ला ऊस इतका आला, की राज्याने १०७ लाख टन साखर केली. त्या मोठ्या हंगामाच्या आधी, २०१७ च्या उन्हाळ्यात, माझ्या हातात नेहमीच्या पैशांचा छोटासा तुकडा होता.

बॉयलर खोलावा लागणारच होता, तो कायदा आहे. मिलचे रोलर घासलेले होते, ते करायलाच हवे होते. बाकीच्यांत मला निवड करावी लागली. इंजेक्शन पंप चार होते. पॅनच्या कंडेन्सरला थंड पाणी देणारे हे मोठे पंप बंद पडले तर व्हॅक्यूम जातो आणि साखर शिजणं थांबतं. चारही एकाच कंपनीचे, एकदमच घेतलेले. पैसे दोन पंपांपुरतेच होते. मी एक आणि दोन नंबर खोलायला ठेकेदाराकडे दिले, तीन आणि चार तसेच ठेवले. वर कार्यालयाला पत्र लिहिलं, की निधीअभावी दोन पंपांची देखभाल होऊ शकलेली नाही, हंगामात बिघाड झाल्यास खात्याची जबाबदारी राहणार नाही. पत्राची पोच घेऊन फायलीत लावली. असली पत्रं लिहिण्यात माझा हात चांगला होता.

नोव्हेंबरात मोळी पडली. पहिल्या आठवड्यातच दोन नंबरचं बेअरिंग तापलं. हात ठेववेना. पंप बंद करून बेअरिंग बदललं. काही दिवसांत एक नंबर कपलिंगपाशी थरथरायला लागला, फाउंडेशन बोल्ट आवळून भागेना. मी दोन्ही वेळा बेअरिंग डुप्लिकेट असणार असं म्हटलं आणि पुरवठादाराला कडक पत्र पाठवलं. डुप्लिकेट बेअरिंगं बाजारात असतात, त्यामुळे कुणालाही ते पटण्यासारखं होतं. तीन आणि चार मात्र चालत होते. मी रोज सकाळी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहायचो. आज ना उद्या जातील, माझं पत्र खरं ठरेल, याची वाट बघत. आपल्याच कारखान्याचा पंप बंद पडावा म्हणून मी उभा होतो, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

ते गेले नाहीत. हंगाम लांबत उन्हाळ्यात गेला, तरी ते दोन पंप शेवटपर्यंत चालले.

दोन नंबरचं काढलेलं बेअरिंग वर्कशॉपमधल्या बाकावर पडून होतं. हंगाम संपल्यावर एके दिवशी मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. बाहेरच्या कड्याच्या कडेवर हातोड्याचा घाव होता आणि आतल्या धावेवर गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे. बेअरिंग तेलात शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवायचं असतं. हे थंडच ठोकून बसवलं होतं, तेही बाहेरच्या कड्यावर मारून. एक नंबरचं अलाइनमेंट पट्टी लावून डोळ्याने केलेलं निघालं. डायल गेज कुठे होतं? माझ्या कपाटात, कुलपात. ठेकेदाराला पैसे पंपामागे मिळत होते, त्याची माणसं दिवसाला जास्तीत जास्त पंप बांधत होती, आणि ‘ओव्हरहॉल पूर्ण’ या रकान्यात सही माझी होती. बांधताना मी तिथे नव्हतोच. दोन चांगले पंप मी पैसे देऊन बिघडवून घेतले होते.

तरी मनाने पळवाट काढलीच, की एक वर्ष म्हणजे योगायोग. म्हणून मी जुनी स्टॉपेज रजिस्टरं काढली. रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात होती, काहींना वाळवी लागलेली. कोणत्या तारखेला कोणतं यंत्र किती वेळ बंद, कशामुळे, हे प्रत्येक शिफ्टला लिहिलेलं असतं. मी वर्षानुवर्षं त्या पानांवर सह्या केल्या होत्या, पण एका हंगामाची पानं दुसऱ्याशेजारी ठेवून कधी वाचली नव्हती. मिल, बॉयलर आणि उसाअभावी झालेली स्टॉपेजेस बाजूला काढली आणि पंप, पंखे, लहान गिअर बॉक्स एवढेच घेतले. पानं उलटताना बोट पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी थांबत होतं. हंगामाचे पहिले पंधरा दिवस. बंद पडण्याच्या अर्ध्याहून जास्त नोंदी तिथेच गोळा झालेल्या. मग डिसेंबर शांत, जानेवारी शांत. शेवटी एप्रिलकडे पुन्हा थोड्या नोंदी, त्या खऱ्या झिजेच्या.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्ही त्याला ‘मशीन बसायला वेळ लागतो’ म्हणायचो. दरवर्षी म्हणायचो. नव्या इंजिनिअरला मी हे शहाणपण म्हणून शिकवायचो. मशीन बसत नव्हतं, आमची चूक बाहेर पडत होती. धुळीत उघडी ठेवलेली बेअरिंगं, कापलेलं सील, हाउसिंग गच्च भरून टाकलेलं ग्रीस. ग्रीस तिसरा हिस्सा ते निम्मं भरलं की पुरे असतं, जास्त भरलं तर तेच तापतं. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो, आणि फिटर गच्च भरत असताना बघत उभा राहिलो होतो, कारण भरपूर ग्रीस दिसलं की काम भरपूर केल्यासारखं दिसतं.

तीन आणि चार नंबरचा उलगडा मात्र राहिला होता. वर्षभराहून जास्त बंद राहिलेला पंप जागच्या जागी खराब होतो. शाफ्टचं वजन त्याच त्या गोळ्यांवर पडून राहतं, धावेवर खुणा उठतात, गंज धरतो. हे दोन का वाचले? मी मामांना विचारलं. विचारायला सुद्धा मला बरेच दिवस लागले. त्यांनी मला पंपापाशी नेलं आणि कपलिंगवर खडूच्या पुसट रेघा दाखवल्या. कारखाना बंद असताना, पगार थकलेला असताना, ते दर आठवड्याला येऊन प्रत्येक शाफ्ट हाताने फिरवत होते. पाव फेरा आणि वर थोडं जास्त, म्हणजे गोळ्या मागच्याच जागी बसू नयेत. कुठवर फिरवलं ते कळावं म्हणून खडूची रेघ. ‘लातूरला दाळ मिलात होतो ना साहेब आधी. तिथं सीझन नसला की मालक करायला लावायचा.’ एक आणि दोन नंबरवरही ते हेच करत होते. ते दोन मी खोलायला लावले.

‘मला सांगितलं का नाही?’ असं मी विचारलं. ते काही बोलले नाहीत. काय बोलणार होते?

यानंतर मी वाचायला लागलो, आणि वाचताना लाज वाटत गेली, कारण हे सगळं छापून जुनं झालं होतं. वॉडिंग्टनचं पुस्तक १९७३ चं. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेला अहवाल १९७८ चा. त्यांनी विमानाचे भाग कसे निकामी होतात ते तपासलं, तर शंभरातल्या फक्त ११ भागांचा वयाशी स्पष्ट संबंध निघाला. उरलेल्या ८९ भागांना ठरावीक तासांनी खोलून काही फायदा नव्हता, आणि त्यांतले बरेचसे भाग नवे असतानाच जास्त बिघडत होते. डीसी-८ विमानात ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल करायचे भाग ३३९ होते, डीसी-१० मध्ये ते ७ उरले. विमान कंपन्यांनी ३३९ चे ७ केले त्यालाही मी नोकरीला लागेपर्यंत बरीच वर्षं होऊन गेली होती. जपानच्या निप्पॉनडेन्सोने तर १९७१ सालीच यंत्राची पहिली जबाबदारी ते चालवणाऱ्या कामगारावर टाकून बक्षीस मिळवलं होतं. स्वच्छता, तेल, आवाज, हाताला लागणारी उष्णता, या सगळ्याकडे आधी त्याने बघायचं. म्हणजे आमचे मामा, फक्त त्यांना विचारलेलं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही हंगामांत मी जमेल तेवढं बदललं. कंपनं मोजायचं छोटं उपकरण घेतलं. दर आठवड्याला ठरलेल्या जागी आकडा घ्यायचा आणि तो चढायला लागला तरच खोलायचं. खोललं तर बेअरिंग तापवूनच बसवायचं आणि डायल गेजशिवाय सही नाही. ऑफ सीझनची यादी निम्म्यावर आली. संचालकांना ते आवडलं नाही असं नाही, पण त्यांना शंका होती. एकाने विचारलंही, ‘मग तुम्ही लोक उन्हाळाभर करता काय?’ प्रश्न चुकीचा नव्हता.

याचा अर्थ सगळं बंद ठेवा, असा कुणी घेऊ नये. बॉयलर दरवर्षी उघडून बाष्पके खात्याकडून तपासून घ्यावाच लागतो. तो फुटला तर माणसं मरतात, तिथे मोजमापाच्या गप्पा नकोत. मिलचा रोलर वाळू, माती आणि रसाने घासतोच, तो बदलावाच लागतो. ज्याचं मरण वयाने ठरतं ते वयाने बदला. पण त्या यादीत काय बसतं हे नोंदींवरून ठरवा. फिटर मोकळे आहेत म्हणून यादी वाढवू नका.

आता तर काळ आणखी पुढे गेलाय. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याशी जोडलेला वंदे भारत स्लीपरचा करार पाहा. १,९२० डबे बनवायचे आणि ३५ वर्षं त्यांची देखभालही बनवणाऱ्यांनीच करायची. गाडी बनवणाऱ्याला ती पुढे वारंवार खोलावी लागली तर पैसे त्याच्याच खिशातून जाणार. माझ्या ठेकेदाराला जितकं खोलेल तितके पैसे होते. दोन्ही व्यवहार लातूर जिल्ह्यातलेच, पण त्यांच्यात केवढा फरक. पगारपत्रकापेक्षा करारातल्या एका ओळीमुळे माणूस जास्त काळजीपूर्वक बेअरिंग बसवतो, हे मला उशिरा कळलं.

नव्या इंजिनिअरांच्या मोबाइलवर आता सेन्सरचे आकडे येतात. चांगलं आहे. पण संगणकातल्या चेकलिस्टवर केबिनमध्ये बसून टिक मारणारेही मी पाहिलेत, आणि ते थेट माझेच वारस आहेत. मी रजिस्टरात सही करायचो, ते टिक मारतात.

मामा हंगामी म्हणूनच निवृत्त झाले. कायम करायच्या यादीत नाव घालायचा अधिकार माझ्याकडे होता, त्या काळात मी सर्टिफिकेटवाल्यांची नावं घातली. पुढे माझं मत बदललं तेव्हा त्यांचं वय उलटलेलं होतं. हे दुरुस्त होण्यासारखं नाही, आणि मी तसं दाखवणारही नाही.

माझ्यासारख्याच खुर्चीत आज जे बसलेत, लातूर-नांदेडच्या कारखान्यांत, सूतगिरण्यांत, दाळ मिलांत, तेल मिलांत, त्यांना एकच विनंती आहे. या उन्हाळ्यात पहिला नट खोलण्याआधी मागच्या पाच हंगामांची स्टॉपेज रजिस्टरं टेबलावर घ्या, पहिल्या पंधरा दिवसांच्या नोंदी मोजा, आणि मोजताना आपल्या ऑइलमनला शेजारी खुर्ची द्या.